सिंगापूरची बोट आणि आमची उटी

सिल्वासाला आमच्याकडे पाहुणे प्रेमापोटी येतात, असा लग्नानंतर दोन-तीन वर्षं माझा समज होता. सुरतेचे, नवसारीचे, लांबच्या नात्यातले पुरुष शनिवारी संध्याकाळी हजर व्हायचे आणि पाण्याचा पेला खाली ठेवता ठेवता "जरा आमलीच्या नाक्यापर्यंत चक्कर मारून येतो" म्हणायचे. गुजरातेत दारूबंदी आहे आणि आपल्या केंद्रशासित गावात नाही, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं. तोवर मी एकेकाला पुरणपोळ्या करून वाढल्या होत्या.

माझे यजमान नाशिकचे. ऐंशीचं दशक संपता संपता सिल्वासात कारखाने भराभर उघडत होते. त्यातल्या एका धाग्याच्या कारखान्यात त्यांना इंजिनिअरची नोकरी लागली आणि आम्ही आमलीत भाड्याच्या दोन खोल्यांत संसार मांडला. यांची मोठी बहीण सुरतेला. मी त्यांना वन्सं म्हणायची. त्यांच्या यजमानांना हे दाजी म्हणत, म्हणून मीही दाजीच म्हणायला लागले. दाजींचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. माणूस मनाचा मोकळा, पण त्यांनी घेतलेली वस्तू जगात सगळ्यात चांगली आणि सगळ्यात स्वस्त असायची. आमच्याकडे आले की आमचा पंखासुद्धा कुठून घेतला ते विचारायचे आणि उत्तर ऐकून हळहळायचे.

एका वर्षी आम्ही दोन्ही मुलांना घेऊन उटी-म्हैसूर केलं होतं. यांना कारखान्याकडून प्रवासभत्ता मिळाला होता आणि तो पुरवून पुरवून वापरायचा यांनी चंगच बांधला होता. सामानात सगळ्यात आधी स्टोव्ह भरला गेला. मग तांदूळ, डाळ, मसाल्याचा डबा, छोटा कुकर. उटीच्या लॉजमध्ये खोलीत स्वयंपाक करायला मनाई होती, म्हणून मी न्हाणीघरात उकिडवी बसून खिचडी शिजवली. बाहेर म्हणे निळे डोंगर होते. मला आत निळी ज्योत दिसत होती.

दुसऱ्या दिवशी वास बाहेर गेलाच. लॉजचा मॅनेजर दार ठोठावत आला. नाक वर करून त्याने हिंदीत विचारलं, हा कसला वास?

"दवाई है," हे चटकन म्हणाले. "मिसेस का पेट खराब है."

मॅनेजरने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि निघून गेला. तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला तो पुन्हा आला. हातात वाटी होती. त्याचंही पोट बिघडलं होतं, म्हणे. मी मुकाट्याने वाटी भरून दिली, वर तूप घातलं. पुढे आम्ही तिथे होतो तोवर त्याचं पोट काही सुधारलं नाही.

घरी आल्यावर हे महिनाभर भेटेल त्याला सांगत होते की एवढ्या पैशांत एवढा दक्षिण भारत कोणी पाहिला नसेल. तेवढ्यात सुरतेहून फोन आला. मोटारींच्या कंपनीने चांगला माल खपवणाऱ्या दुकानदारांना सिंगापूरच्या बोटीची सफर बक्षीस दिली होती. दाजींचं तिकीट फुकट होतं. वन्संच्या तिकिटाचे पैसे भरून दोघं जाऊनही आली होती आणि येत्या शनिवारी अल्बम घेऊन आमच्याकडे येणार होती.

आली. नाक्यावरची चक्कर झाली. गच्चीवर चटई पसरून दाजींनी अल्बम उघडला आणि फोटोमागून फोटो दाखवायला लागले. बोट कसली, पाण्यावर ठेवलेला सात मजली वाडाच. त्यात पोहण्याचा तलाव, नाचगाण्याचं थिएटर, झुंबरं. वन्सं जिन्यात उभ्या, वन्सं कठड्याला टेकून, वन्सं फळांतून कोरलेल्या मोराशेजारी. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत तेवढे दाजी होते, हातात बॅग घेऊन.

"दाजी, तुमचे फोटो नाहीत ते?" मी विचारलं.

"फोटो काढायला कोणी तरी लागतो ना," दाजी म्हणाले आणि पान उलटलं.

वन्संनी भज्यांची ताटली पुढे सरकवली.

मग दोघा पुरुषांची जुंपली. दाजी म्हणाले, बोटीवर दिवसातून सहा वेळा खायला घालतात, राहणं, फिरणं, तमाशे, सगळं तिकिटात. दर माणशी, दर दिवशी भागून बघ, तुझ्या उटीपेक्षा स्वस्त पडेल.

"पण पाहिलंत काय?" हे म्हणाले. "पाणी! पाणी बघायला सिंगापूरला कशाला जायला हवं? आम्ही राजवाडा पाहिला, बाग पाहिली, डोंगरातली छोटी आगगाडी पाहिली."

"आगगाडी सुरतेला पण आहे."

"आणि पाणी आमच्या दुधनीला पण आहे! धरणाचं. उद्याच दाखवतो. माणशी, दर दिवशी भागून बघा, किती पडतं ते."

दाजींनी अल्बम मिटला. उद्या लवकर निघायचं होतं, दुकान होतं, उन्हात कशाला, असं बरंच काही म्हणाले. रविवारी दुकान कसलं, असं वन्संनीच विचारलं आणि विषय मिटला.

सकाळी आम्ही ठरवलेल्या जीपमधून निघालो. दोघं पुरुष पुढे, मी, वन्सं, आमची दोन मुलं आणि जेवणाचे डबे मागे. खानवेलवरून वळणं घेत दुधनीला पोचलो तेव्हा धरणाचं पाणी बरंच खाली गेलं होतं. चिखलाची उतरण तुडवत काठापर्यंत गेलो. तिथे एका मासेमाराची लांबट लाकडी होडी उभी होती. मागे छोटं इंजिन बसवलेलं. होडीवाला वयस्क, कमी बोलणारा. आमचं मराठी, त्याचं वारली आणि मधलं गुजराती मिळून सौदा ठरला.

"चला कॅप्टन," हे दाजींना म्हणाले, "आधी तुम्ही."

दाजी चढले, मागून डबे आणि आम्ही. पाणी आरशासारखं होतं. होडी सुटली, इंजिनाचा धूर मागे गेला, मुलांनी पाण्यात हात घातले. थोड्या वेळाने वारा सुटला आणि होडी जराशी, अगदी पाळण्याएवढी, हलायला लागली. दाजींनी दोन्ही हातांनी फळी धरली. यांनी विचारलं, "तुमच्या बोटीवर अशी हवा असते का हो?" दाजींच्या चेहऱ्याचा रंग दुधीभोपळ्यासारखा झाला होता.

"मला उतरव," ते हळूच म्हणाले.

"इथे? पाण्यात?"

"कुठेही उतरव!"

पाण्याच्या मधोमध एक टेकाड वर आलेलं होतं. दोन-चार झाडं, थोडं गवत. होडीवाल्याने तिकडे होडी लावली. दाजी गुडघाभर पाण्यातून जाऊन झाडाखाली आडवे झाले. त्यांना एकटं कसं ठेवायचं म्हणून हेही उतरले. आम्हाला म्हणाले, "एक चक्कर मारून या. मग सगळेच परत जाऊ."

होडी पुन्हा निघाली. टेकाड मागे पडलं आणि वन्संना हसू फुटलं. आधी पदराआड, मग उघड. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काय झालं, वन्सं?"

"अगं, तिकडेही हेच! बंदर सुटलं नाही तोवर यांना बोट लागली. जी लागली ती परत येईपर्यंत. खोलीला खिडकी पण नव्हती. सारखे झोपून. लिंबू चोखायचे आणि देवाचं नाव घ्यायचे."

"मग तुमचे फोटो?"

"राजकोटच्या एका दुकानदाराच्या बायकोने काढले. फार गोड बाई. आम्ही दोघी सगळीकडे हिंडलो."

"आणि ते सहा वेळचं खाणं?"

"मी खाल्लं. यांच्या वाटणीचं पण." वन्सं जरा पुढे वाकल्या. मुलं ऐकत नाहीत ना हे बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "तुला खरं सांगू? माझ्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण सकाळी उठून कोणाला चहा द्यायचा नाही, असे दिवस मी तिथेच पाहिले. मी उठायची, तयार व्हायची, यांना विचारायची, काही हवंय का. हे नको म्हणून हात हलवायचे. की मी बाहेर! एकदा नाचगाणं बघायला बसले ते उठलेच नाही. कोणी हाक मारली नाही. यांना वाटतं पैसे पाण्यात गेले. माझे तर दामदुप्पट वसूल झाले."

मी माझी न्हाणीघरातली खिचडी आणि मॅनेजरची वाटी त्यांना सांगितली. ती हकिकत यांनी बहिणीला सांगितलीच नव्हती. वन्सं इतक्या हसल्या की होडीवाल्याने वळून बघितलं. यांनी आणि दाजींनी आदल्या संध्याकाळी रुपये भागले, माणसं भागली, दिवस भागले. सुट्टीवर गेल्यावर स्वयंपाक कोणी केला, हे त्या हिशेबात कोणीच धरलं नव्हतं. मला मनातून थोडा रागही आला. यांचा आला, माझाही आला. स्टोव्ह भरताना मीच तर म्हणाले होते, बाहेरचं मुलांना सोसत नाही.

होडी वळून टेकाडाकडे निघाली होती. लांबून दोघं पुरुष दिसले. दाजी उठून बसले होते आणि हे काठाशी उभे राहून टॉवेल हलवत होते.

"बाई, ते बोलवतात," होडीवाला म्हणाला.

मी वन्संकडे पाहिलं. वन्संनी माझ्याकडे पाहिलं.

"बोलवत नाहीत," वन्सं म्हणाल्या. "टाटा करतायत."

आणि त्यांनी उभं राहून पदर हलवला. मीही हलवला. मुलांना वाटलं खेळच आहे, त्यांनी दोन्ही हात हलवले. होडीवाला क्षणभर आमच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या मिशीत काही तरी हललं आणि त्याने होडी सरळ पलीकडच्या डोंगराकडे घातली.

त्या दिवशी आम्ही धरणाचं जेवढं पाणी दिसेल तेवढं पाहिलं. एका सावलीच्या कोपऱ्यात होडी थांबवून डबे उघडले. दशम्या, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, सगळं होडीवाल्यासकट खाल्लं. डबे होडीतच राहिलेत, हे मला टेकाडावरून निघतानाच ठाऊक होतं. मी ते बोलले नव्हते.

परत गेलो तेव्हा हाका मारून मारून यांचा आवाज बसला होता. दाजी मात्र ठणठणीत झाले होते आणि त्यांना सडकून भूक लागली होती.

"काय राहिलंय?" त्यांनी विचारलं.

"चटणी," वन्सं म्हणाल्या.

परतीच्या होडीत दाजींनी डोळे मिटून घेतले आणि जीपमध्ये बसेपर्यंत उघडले नाहीत. खानवेलला यांनी सगळ्यांना गाडीवरची भजी खाऊ घातले, पैसे न विचारता. बोटीचा विषय कोणी काढला नाही, उटीचाही नाही.

पुढच्या सुट्टीत वन्संनी आणि मी दोघींनीच दमणला जायचं ठरवलं. दोन रात्री, समुद्रासमोरचं हॉटेल, स्टोव्ह नाही. पुरुषांनी बरीच कुरकुर केली. शेवटी दाजी आमच्याकडे येऊन राहतील, दोघं मिळून मुलांना सांभाळतील, असं ठरलं. दमणच्या हॉटेलवाल्याने रजिस्टरवर पेन थांबवून विचारलं, "साथ में कौन है?"

"कोई नहीं," वन्सं एवढ्या आनंदाने म्हणाल्या की तो घाबरला. आगाऊ पैसे मागितले.

पहिला दिवस आम्ही लोळण्यात घालवला. चहा खोलीत आला. गार होता, पण आम्ही केलेला नव्हता. संध्याकाळी वाळूत बसलो, कोणाचे कपडे ओले झाले बघायला नको होतं. वन्संनी मला बोटीवरचं एक गाणं अर्धवट हावभावांसकट करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला खाली उतरलो तर हॉटेलच्या दारात जीप. त्यातून आमची मुलं उतरली, मग हे, मग दाजी. दाजींच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. यांच्या हातात आमचा कुकर होता. झाकण अडकून बसलं होतं आणि आत काय होतं ते दोघांपैकी एकालाही धड सांगता येईना.

"म्हटलं, तुम्हाला सरप्राइज द्यावं," हे म्हणाले.

वन्सं कपाळाला हात लावून पायरीवर बसल्या. "बघ," मला म्हणाल्या, "बोट महाग का असते कळलं? तिथे जीप येत नाही."

त्या दुपारी सहाही जण हॉटेलात जेवलो. मुलांनी आइस्क्रीम दोनदा मागवलं. बिल आल्यावर यांनी ते बराच वेळ वाचलं, भागाकार करायला ओठ हलवले, पण मग माझ्याकडे बघून निमूट पैसे ठेवले. कुकर मी उघडला नाही. तो वॉचमनच्या खुर्चीखाली तसाच ठेवून आम्ही सगळे पाण्यावर गेलो. दाजी सोडून. ते वाळूत बसले, लाटा पायांपासून चांगल्या लांब राहतील अशा बेताने.