दुसऱ्या मुलाचं वाक्य

ये गं पल्लवी, अशी जवळ बस. पुण्यात आहेस, ठाऊक आहे मला. कागदावर तरी जवळ बस. सख्खी आत्या आहे मी तुझी. सहा महिन्यांत एक फोन नाही, आणि परवा पाठवलंस काय, तर तो व्हिडिओ. विमानं, धूर, वर गाणं. खाली तू लिहिलंस, "आत्या, महेशदादाचा अभिमान वाटतो. एकदाचं मिटवून टाका सगळं!"

काय मिटवून टाका गं? कोण मिटवणार? तू? हॉस्टेलच्या खाटेवर बसून?

रागावलेय मी. पण तुझ्यावर निम्मीच. निम्मी माझ्यावर. कारण तुझं वय वीस, आणि मी एकसष्टाव्या वर्षी तुझ्यासारखीच होते. म्हणून लिहिते. सावकाश वाच. मधलं गाळू नकोस.

निजामपुऱ्यातला तो बंगला आठवतो? लहानपणी एकदा माझ्याबरोबर आली होतीस. मागच्या ओट्यावर बसून बिस्किट खाल्लंस. पुढच्या दारानं तुला आत घेतलं नव्हतं, तेही आठवत असेल. तिथं मी चोवीस वर्षं भांडी घासली, लादी पुसली. माझा कप मागच्या नळाजवळ उपडा असायचा. घर मोठ्यांचं, भाऊसाहेब नि वहिनीसाहेबांचं. भाऊसाहेबांचे पणजोबा संस्थानात बडे अधिकारी. त्यांची तलवार दिवाणखान्याच्या भिंतीवर. वर्षातून एकदा खंडेनवमीला ती खाली उतरायची. लाल कापड, हळदकुंकू, झेंडूची माळ. बाजूला भाऊसाहेबांचं पेन, गाडीची किल्ली, लॅपटॉप. ज्याचं जे हत्यार, त्याची पूजा.

आदल्या दिवशी ती तलवार घासायची मी. मूठ चिंचेनं, पातं राखेनं, वरून खोबरेल तेलाचा हात. पूजा झाली की मात्र मी शिवायचं नाही. घासताना माझा हात चालतो. पूजेनंतर चालत नाही.

पहिल्याच वर्षी त्या तलवारीनं माझा तळहात कापला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. वहिनीसाहेब धावत आल्या. मला वाटलं, माझ्यासाठी आल्या. म्हणाल्या, "अगं बाई, तलवारीला रक्त लागलं! आता परत पुसायला हवी."

पुसली मी. एका हातानं. दुसऱ्याला पदर गुंडाळून.

ते जुनं झालं. मी सांगतेय ती दोन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. तेव्हा मी नवी विद्यार्थिनी. हसू नकोस. तुझे मामा गेल्यावर, म्हणजे माझे यजमान गं, कोयलीकडच्या रिफायनरीत कंत्राटदाराच्या हाताखाली फिटर होते ते, संध्याकाळ खायला उठायची. म्हणून बाहेरून दहावी केली, मग बारावी, मग बी.ए.ला नाव घातलं. दर रविवारी वर्ग. परीक्षा गुजरातीत, विचार मराठीत, भांडण दोन्हीत.

तर त्या नवमीला मला काय सुचलं कोण जाणे. माझी राज्यशास्त्राची वही मी त्या लाल कापडाच्या कडेला ठेवली. तलवारीपासून हातभर लांब. विद्यार्थ्याचं हत्यार वहीच ना?

वहिनीसाहेबांनी ती बघितली. रद्दीचा कागद घेतला, कागदात धरून वही उचलली आणि माझ्याकडे दिली. "मावशी, तुझं तुझ्या घरी मांड."

पाहुणे बघत होते. त्यातले एक गृहस्थ दयाळू निघाले. म्हणाले, "हिचा मुलगा फौजेत आहे ना?" भाऊसाहेब म्हणाले, "हो हो, सरहद्दीवर." मग ते गृहस्थ मला म्हणाले, "बाई, तुमच्यासारख्यांच्या घरातूनच सैनिक निघतात. तुम्हा लोकांची हाडंच मजबूत. आमच्या मुलांचं काय, डोक्याचं काम."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि मी? मी हात जोडले. हसले. घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते. वही उचलली त्याचं दुःख रस्त्यातच विसरले. इतक्या मोठ्या माणसानं माझ्या पोराचं कौतुक केलं!

तोच खरा अपमान होता, पल्लवी. वहीचा तर डोळ्यांना दिसला. हा अपमान मी प्रसादासारखा ओंजळीत घेतला.

त्या आठवड्यात वर्गात प्रश्न आला, युद्धाची जबाबदारी कोणाची? मी लिहिलं, राजाची. प्रजेचं काम साथ देणं. आमच्या शिक्षिका हेतलबेन, माझ्या महेशपेक्षा लहान पोरगी. तिनं लाल शाईनं खाली लिहिलं, "मग प्रजा शिकते कशाला?" मला राग आला. तुला काय कळतं म्हटलं मनात. तुझं पोर आहे का तिथं?

मग पुढचा उन्हाळा आला. सरहद्दीवर पेटलं. महेशचा फोन बंद. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. बंगल्यावर टीव्ही दिवसभर चालू. एका संध्याकाळी टीव्हीतला माणूस ओरडायला लागला की पलीकडचं अख्खं शहर बेचिराख झालं. भाऊसाहेब सोफ्यावरून उठले. मला पैसे दिले. "मावशी, लहरीपुऱ्यातून पेंडे आणा. चांगले आणा. आणि सोसायटीत तुम्हीच वाटा. आज तुमचाच मान."

गेले मी. रिक्षानं गेले नि रिक्षानं आले. या हातानं घरोघर पेंडे वाटले. ज्या दारांतून चोवीस वर्षं मला कुणी आत बोलावलं नव्हतं, तिथं बायका माझ्या पाया पडत होत्या. "मासी, तमारो दीकरो तो हीरो छे!" तुमचा मुलगा तर हिरो, म्हणे. मीही ओरडले गं. घोषणा दिल्या. घसा बसला.

दुसऱ्या दिवशी टीव्ही त्या शहराचं नावच काढेना. शहर जागच्या जागी होतं. बातमी खोटी होती. पेंडे मात्र खाऊन झाले होते.

अकराव्या दिवशी महेशचा फोन आला. "ठीक आहे मी, आई." मग म्हणाला, "इथं एका गावात गोळा पडला. आम्ही एका घरात शिरलो. चूल पेटलेली होती. तव्यावर भाकरी, जळून कोळसा."

"आणि घरची बाई?"

त्यानं तव्याचंच पुन्हा सांगितलं.

"अरे, बाई कुठं होती?"

"तुझ्याएवढी होती, आई."

मग माझा तो सहा फुटी पोरगा लहान मुलासारखा विचारतो, "आमच्याकडनं पण गोळे जातात ना गं. पलीकडे पण अशीच चूल असणार ना?"

काय सांगू? कुठल्या तोंडानं? मी त्याला पेंड्यांचं सांगितलं नाही. सांगूच शकले नाही. बातमी खोटी होती, पण माझा आनंद तर खरा होता. शहर जळालं म्हणून मी गोड वाटलं होतं. शहरात चुली असतात हे चुलीपुढं जन्म गेलेल्या बाईला सुचलं नाही!

पुढच्या रविवारी वर्गात तोच विषय निघाला. हेतलबेननं विचारलं, "लडाई कोण करे छे?" कुणी म्हणालं सरकार, कुणी म्हणालं शत्रू. आमच्यात एक रिक्षावाले काका आहेत, माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठे, सगळ्यांना हसवतात. ते म्हणाले, "अमे तो खाली टीवी जोईए छीए, बेन." आम्ही तर नुसता टीव्ही बघतो.

ती म्हणाली, "ने टीवी चालु कोण राखे छे, काका?" आणि तो टीव्ही चालू कोण ठेवतं?

वर्ग हसला. मी नाही हसले. मी वहीचं ते जुनं पान उघडलं आणि 'राजाची' या शब्दापुढं लिहिलं, आणि त्याची, ज्यानं राजासाठी पेंडे वाटले. माझी.

तिथून माझं डोकं फिरलं म्हण, नाहीतर ताळ्यावर आलं म्हण. बंगल्यात लादी पुसता पुसता मला ऐकू यायला लागलं. बोलणं तेच होतं, आधी मी ऐकत नव्हते. "एकदा आरपार होऊन जाऊ दे." कोण म्हणतंय? ज्यांचा थोरला टोरांटोला, धाकटा बंगळुरूला. तलवार ज्यांच्या भिंतीवर. आणि त्या तलवारीचं तरी काय? भाऊसाहेबच एका पाहुण्याला सांगत होते, दरबारात मिरवायला मिळाली होती, पागोट्याबरोबर. लढाई तिनं पाहिलीच नाही. म्हणजे तिनं आजवर रक्त चाखलं ते एकाच माणसाचं. मोलकरणीचं.

मग गेल्या वर्षीची खंडेनवमी आली. त्या वर्षी थाट मोठा. बंगल्याच्या पुढच्या अंगणात मांडव, माईक, शंभरेक माणसं. भाऊसाहेबांनी मला पुढच्या दारानं बोलावलं. पहिल्यांदा. खुर्ची दिली. खांद्यावर शाल घातली. आणि हातात एक कागद. "मावशी, आता वाचता येतं ना तुम्हाला? एवढं एकच वाक्य माईकवर वाचायचं."

कागदावर लिहिलं होतं, "मला दुसरा मुलगा असता, तर तोही मी देशाला दिला असता."

वाचलं मी. मनातल्या मनात. दोनदा वाचलं. अक्षर सुंदर होतं भाऊसाहेबांचं. मला एकच मुलगा. तो त्या घडीला बर्फात उभा. आणि माझ्या पोटी न आलेला पोरसुद्धा या माणसानं परस्पर देऊन टाकला होता.

माईकसमोर गेले. चोवीस वर्षांचा पगार, दिवाळीची साडी, सगळं डोळ्यांपुढं आलं. मी माईकवरच म्हणाले, "भाऊसाहेब, हे वाक्य माझं नाही. दुसरा मुलगा मला नाही. तुम्हाला आहे. तुम्ही वाचा."

कागद त्यांच्यापुढं धरला.

भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त वाळलं. वहिनीसाहेब दातांतून म्हणाल्या, "मर्यादा सांभाळ. कुणाच्या दारात उभी आहेस?"

"मागच्या दारात होते तोवर सांभाळली," म्हटलं. "आज तुम्हीच पुढं आणलंत."

आणि मग मला जे सांगायचं होतं ते सांगितलं. लांबलचक नाही. म्हटलं, "उन्हाळ्यात मी तुमच्या दारोदार पेंडे वाटले. ते माझं चुकलं. तुम्ही खाल्लेत, तुमचंही चुकलं. माझा मुलगा पहारा देतो, देऊ दे, राखणीला माणूस लागतो, मला कळतं. पण कुणाच्या चुलीवर गोळा पडला म्हणून माझ्या हातचं गोड आता कुणाला मिळणार नाही."

माईक बंद केला कुणीतरी. मी शाल काढली, नीट घडी केली, त्या तलवारीशेजारी ठेवली. काम तिथंच सुटलं. त्या आठवड्यात सोसायटीतल्या आणखी दोन घरची कामंही सुटली. पेंडे खाताना माझ्या पाया पडलेली एक बाई मला 'गद्दार' म्हणाली, भाजीवाल्यासमोर. मी वांगी घेत होते. घेतली आणि घरी आले.

आणि महेश? तुला वाटत असेल, आईला शाबासकी दिली असेल. नाही. कुणीतरी मोबाईलवर काढलेलं त्याच्यापर्यंत पोहोचलं. फोनवर म्हणाला, "आई, माझी नोकरी आहे ही. मला या लोकांत राहायचंय." दोन महिने बोलला नाही. आता बोलतो. त्या विषयावर नाही. मी जोर करत नाही. चुलीबद्दल त्यानंच मला विचारलं होतं. उत्तर द्यायला मला उशीर झाला, आणि दिलं ते त्याला झेपलं नाही. असू दे. बरोबर बोललं की सगळे जवळ येतात, असलं काही मी तुला शिकवणार नाही.

आता मी निजामपुऱ्याच्या मागं आमच्या चाळीतच डबे करते. अभ्यास चालू आहे. शेवटचं वर्ष. वही सोडलेली नाही.

तर पोरी, ऐक. तू शिकलेली. माझ्यासारखी साठीला नाही, वेळेवर शिकलेली. तुला सबब नाही. त्या व्हिडिओतल्या धुराखाली काय आहे, ते कुणी बघायचं? ज्यांनी तो बनवला ते बघणार नाहीत. बोट दाबून पुढं पाठवलास ना, तो तुझा पेंडा. माझे लहरीपुऱ्यातून आले होते, तुझा फुकट आला, एवढाच फरक.

माझं ठरलंय. कुणी लिहून दिलेलं वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही, मग ते लिहिणारा केवढाही मोठा असो. युद्ध मागणाऱ्याला मी विचारणार, तुझ्या घरातून कोण जातंय? भर मांडवात विचारणार. आणि महेश सुट्टीवर आला की त्याच्या समोर बसून पेंड्यांचं सांगणार. अजून सांगितलेलं नाही त्याला, त्याच्या तोंडावर. मांडवातल्या व्हिडिओत ऐकलं असेल, ते वेगळं. त्यानं मला काय म्हणायचं ते म्हणावं. ऐकून घेईन.

खंडेनवमी पंधरा दिवसांवर आली. यंदा माझ्या खोलीत पाट मांडणार आहे. तुझ्या मामांचा पाना, माझं पोळपाट-लाटणं, आणि मधोमध वही. तलवार नाही.

तू त्याआधी ये. आठवड्याच्या आत तिकीट काढ, सबबी सांगू नकोस. भाकरी मिळेल, वांग्याचं भरीत मिळेल. पेंडा मिळणार नाही. तुझी पुस्तकं आण, माझ्या वहीशेजारी ठेवू. आणि तो व्हिडिओ ज्यांना ज्यांना पाठवलास, त्या प्रत्येकाला आधी लिही की माझं चुकलं. मग ये. दार उघडंच आहे, पुढचं. आमच्याकडे मागचं दारच नाही.