मान हलवून चालत नाही

भाषा नोंदवायला शिकताना पहिला धडा मिळाला तो गप्प बसण्याचा. समोरचं माणूस बोलत असताना आपण फक्त मान हलवायची, रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज येता कामा नये, असं सरांनी बजावलं होतं. मी जन्माची बडबडी. तरी शहाण्यासारखी तोंड मिटून देवळालीला गेले.

तिथे निरगुडीच्या फोकांच्या टोपल्या विणणाऱ्या एक आजी होत्या. घरात कैकाडी बोलणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. मुलं-नातवंडं मराठीच बोलायची. मोठी बहीण होती तोवर दोघी एकमेकींना गोष्टी सांगायच्या. ती गेली आणि आजींच्या गोष्टी पोटातच राहिल्या. त्यातली एक लांबलचक, दोन बहिणी नदीकाठी फोक तोडायला जातात ती, मला हवी होती. आजींनाही ती कुणाला तरी सांगायचीच होती.

त्यांनी सुरुवात केली. मी मान हलवली. जराशाने आजी थांबल्या.

"झोपली का काय गं?"

"नाही आजी, ऐकतेय ना. मान हलवते की."

"मान हलवून काय व्हतंय? मला धड दिसतंय व्हय? हुंकार दे. हुंकाराबिगर गोष्ट म्होरं जात न्हाई."

सरांचा धडा गुंडाळून ठेवला आणि 'हं' म्हणू लागले. तेही भलत्याच ठिकाणी, कारण कळत काहीच नव्हतं.

"हितं न्हाई पोरी, ती अजून घरातच हाय," असं म्हणून आजी फोक वाकवता वाकवता हसायच्या. मग मराठीत उलगडून सांगायच्या, आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. मी जात राहिले. शब्द कानात बसत गेले. त्या कुठे श्वासाला थांबतात, कुठे माझी वाट बघतात, ते कळू लागलं. आणि एका दुपारी मला एकदाही न टोकता त्या शेवटपर्यंत पोचल्या. टोपली बाजूला ठेवत म्हणाल्या, "बहिनीवानी हुंकार दिला बघ." एवढा आनंद मला पदवी मिळाल्याचाही झाला नव्हता.

सर मात्र वैतागले. तुझा आवाज फार येतोय, म्हणाले. येऊ द्या, म्हटलं.

आता आजी नाहीत. सावेडीच्या फ्लॅटमध्ये मी ते रेकॉर्डिंग लावून बसते. घरच्यांना सांगते, उतरवून घेतेय. पण ते काम कधीच संपलंय. मला आजींची फार आठवण येते, एवढंच. गोष्ट सगळी पाठ आहे, पण सांगायला बसावं तर हुंकार देणारं कुणी नाही. निदान आपण तरी द्यावा म्हणून हेडफोन लावते. बहिणी नदीशी पोचतात, आजी श्वासाला थांबतात. मी तोंड उघडते, तर माझ्या आधीच रेकॉर्डिंगमधली, त्या दुपारची मी 'हं' म्हणून मोकळी होते. आजी पुढे सांगू लागतात, पण तिला.