४०७१ नंबरचा वाल

कॉम्प्युटरला मी कधी दोष दिला नाही. सांगितलं तेवढंच त्यानं केलं. माती खाल्ली ती मी.

माझी आत्या तळेगावला राहते. बियाणं जमवायचा तिला जुना नाद. वाल, बरबटी, दोडके, गावरान टमाटर, काय म्हणाल ते. गावातल्या बाया ओंजळभर नेतात आणि पीक आलं की दोन ओंजळी आणून देतात. बियाणं राखेत घोळून फडक्यात बांधायचं, आणि गाठोडीला जिनं ते दिलं तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी. आत्याला आकडे वाचता येतात, अक्षरं फारशी नाहीत. पण चिंधी पाहिली की तिला बाई आठवायची, आणि बाई आठवली की वेल. त्यात एक हिरवी चिंधी माझ्या आईच्या पातळाची होती. तो वाल आईनं माहेराहून आणलेला. आई गेली, आमचं परसही नव्या खोल्यांत गेलं, आणि तो वाल आत्याच्या त्या एका गाठोडीत तेवढा उरला.

मी पिपरी मेघेत घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करते. एका दिवाळीत आत्याकडे गेले आणि माझ्या अंगात आलं. म्हटलं, हा काय चिंध्यांचा पसारा! मोबाइलमध्ये ॲप करून देते. प्रत्येक पुडीला तिचा एक नंबर, तो टाकला की मोबाइल सगळी माहिती वाचून दाखवेल.

"नंबर कोन देईन वं?" आत्यानं विचारलं.

"कॉम्प्युटर. त्याच्या मनाला येईल तो उचलतो."

"अन् दोन पुड्यांले एकच देल्ला तं?"

मी हसले. ते हसणं आठवलं की अजून कानशिलं तापतात.

आमच्या धंद्यात यासाठी इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून छत्तीस खुणांचा लांबलचक नंबर असतो. तोच पुन्हा निघणं जवळजवळ अशक्य. पण स्टिकर अंगठ्याएवढा, आणि आत्याला इंग्रजी अक्षरं येत नाहीत, म्हणून मी चार आकड्यांवर भागवलं. नंबर दहा हजार, पुड्या तीनशेसुद्धा नाहीत, कशाला जुळतात! उचललेला नंबर आधी कुणाला दिलाय का, हे तपासायला प्रोग्रॅममध्ये एक ओळ लागते. ती लिहायचा मी कंटाळा केला. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, तरी शाळेत आमच्या पन्नास जणींच्या वर्गात दोघींचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा, आणि त्याचं आम्हाला काही नवलही वाटायचं नाही. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

चिंध्या सोडायला लागले तेव्हा आत्या म्हणाली, "राहू दे ना वं त्या. काय खाऊन राह्यल्या तुले?"

मी ऐकलं नाही. बियाणं नव्या पुड्यांत भरलं, स्टिकर चिकटवले आणि चिंध्या चुलीत घातल्या. हिरवीसुद्धा. मी स्वतः.

उन्हाळ्यात पुन्हा गेले. उसळ करायची म्हणून आत्यानं पुड्यांचा डबा उघडला, तर वालाच्या दोन पुड्या निघाल्या. दोन्हींतले दाणे सारखेच पांढरे, आणि दोन्हींवर ४०७१. मोबाइलमध्ये टाकलं तर उत्तर एकच: सेलूच्या बाजारातला वाल.

"बाजारचा म्या एकच पुडी भरला होता, वाटते मले," आत्या म्हणाली.

"दोन केल्या असशील आणि विसरली असशील. मोबाइल नाही विसरत."

"अन् तुह्या मायचा?"

"असेल ना डब्यात कुठंतरी. जाते कुठं!"

मोबाइलमध्ये आईचं नाव टाकून पाहायला दोन सेकंद लागले असते. टाकलं नाही. आत्यानं दोन्ही पुड्या पुढे धरल्या, "कोनती भिजवू?" मी डावीकडची दाखवली. दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर उसळ दोनदा वाढून घेतली आणि वर म्हटलंही, "आत्या, अगदी आईच्या हातची लागते गं."

पेरणीच्या आधी आत्याचा फोन आला. सगळा डबा उपसला, पण मायचा वाल नाही. तेव्हा कुठं मी नोंदी उघडल्या. नोंद आईच्या पुडीच्या वेळेची, माहिती मात्र बाजारच्या वालाची. कॉम्प्युटरनं ४०७१ दोनदा उचलला होता आणि दुसऱ्या नोंदीनं पहिली पुसून टाकली होती.

आशा होती ती उरलेल्या पुडीची. आत्यानं तो वाल कुंपणाशी लावला. आईच्या वालाला जांभळी फुलं यायची. पावसाळाभर मी दर रविवारी तळेगावला जाऊन त्या वेलासमोर उभी राहिले, देवाला बोलले, नवसही केला. फुलं आली ती पांढरी.

मी तिथंच खाली बसले. ती एक ओळ, ती चिंधी, ते दोन सेकंद, सगळं आत्याला रडत रडत सांगितलं. तिनं मला शिव्या घालाव्यात असं फार वाटत होतं. तिनं वेलाचं सुकलेलं पान खुडलं, माझ्या शेजारी बसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नको वं. परक्याच्या नाई ना गेला. लेकीच्याच पोटात गेला."