कचेरीच्या खांबावरचे अंगठे

जुन्या गावातली दगडी कचेरी आता धुऊन पुसून लख्ख केली. गेटापाशी पाटी लावली. निजामाच्या काळात बांधली, इथं तहसील होती, मागं हवालात होती, पुढं काही वर्षं नगरपालिका होती, असं सगळं लिहिलंय. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण पाटी वाचता येती. तीनदा वाचली. अंगठ्यांचं नाव न्हाई.

मी गवंडी. त्या इमारतीच्या कमानीच्या सांध्यांत चुना मीच दोनदा भरला, म्हणून बोलतो. व्हरांड्यातल्या उजव्या हाताच्या पहिल्या खांबाला लागून रजिस्ट्रीची खोली होती. खरेदीखत, वाटणीपत्र, सगळं तिथंच. अंगठा दिला की बोट काळं. पुसायला सरकार चिंधीबी देत नव्हतं. गडीमाणसं डोक्याच्या केसाला पुसायची, उरलेलं खांबाला. बायांना पदर खराब करायचा नसायचा, त्या सरळ खांबालाच पुसायच्या. असं करत करत कमरेपासून डोक्यापर्यंत तो खांब काळाजांभळा, तेलकट होऊन गेल्ता. आख्ख्या तालुक्यानं ज्या दिवशी जमीन दिली, ज्या दिवशी घेतली, त्या दिवसांचा तो मळ.

त्यात एक अंगठा माझ्या बायकोचा होता.

सासरा वारला तेव्हा सातबाऱ्यावर दोन भावांसंगं हिचंबी नाव लागलं. सहा महिन्यांत मेव्हणे दारात. हक्कसोड करून दे म्हणाले. आमच्याकडं बहिणी देतातच. जी देत न्हाई तिला माहेर राहत न्हाई.

 दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता बायको म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

"भावाला दुखवून काय मिळणार? देऊन टाक अंगठा."

"आन् साक्षीदार कोण?"

"मीच. सही येती ना मला."

"येती की," ती म्हणाली. "लई शिकलेले तुम्ही."

कचेरीत काम बराबर अर्ध्या तासात उरकलं. बाहेर आल्यावर थोरल्या मेव्हण्यानं भज्यांचा पुडा उघडला, एक साडी पुढं केली. "आक्का, दिवाळीला हक्कानं यायचं बरं का."

"हक्क तर आत ठिवून आले रं," ती म्हणाली. "आता नुसतीच येते."

मेव्हणे हसले. मीबी हसलो. भजे खाल्ले.

मंग ती खांबाच्या मागच्या अंगाला गेली. तिथं खाली, गुडघ्याच्या उंचीवर, दगड कोरा होता. कुणाचा हात तिथवर जात नव्हता. ती खाली बसली अन् अंगठा दाबून धरला. पुसला न्हाई, दाबला.

मी म्हणालो, "अगं, पूस की. दाबतीस कशाला?"

"आत दिला तो त्यांचा. हा माझा."

येडी आहे, म्हणालो मी.

साडी दोन दिवाळ्या आली. तिसऱ्या दिवाळीपासून बंद. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाताना मेव्हण्यांची जीप आमच्या दारावरून जायची. धूळ खाली बसेपर्यंत ती उंबऱ्यात उभी राहायची. मला एक शब्द बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं. गेल्या पौषात ती गेली. बाईमाणसाच्या मयतीवर माहेरचं लुगडं टाकायची रीत. माहेरचे आले तिसऱ्या दिवशी. लुगडं मीच बाजारातून आणलं अन् माहेरचं म्हणून टाकलं. तिला खोटं आवडत नव्हतं.

तेव्हापासून मी रोज कचेरीत जाऊन त्या खांबाच्या मागं बसायचो. अंगठा होता. फिका, पण रेघा दिसत होत्या.

मंग कामाचे लोक आले. पाण्याचं मशीन, कसलीशी औषधाची कॅन. त्यांच्या साहेबाला मी हात जोडले. "सगळं धुवा, साहेब. तेवढा एक खांब राहू द्या."

"का बाबा? तोच तर सगळ्यात घाण आहे."

"घाण न्हाई, अंगठे आहेत. माझ्या बायकोचा आहे."

तो कामगाराकडं बघून हसला. वाईट माणूस नव्हता. "बाबा, इमारत जशी बांधली तशी दिसली पाहिजे. ऑर्डर आहे."

"बांधली तेव्हा माणसं नव्हती का?"

त्यानं मला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी गेलो तर खांब बिस्किटासारखा पिवळा निघाल्ता. मागं खाली बसून बोट फिरवलं. ओला दगड. बिलकुल गुळगुळीत.

मंग डोक्यात आलं, आतला अंगठा तर असंल. रजिस्ट्री आता नव्या बिल्डिंगीत गेलीय. तिथं अर्ज केला. कारकून म्हणाला, "हक्कसोडीची नक्कल? काय वाद आहे का, बाबा?"

"वाद न्हाई. अंगठा बघायचाय."

पंधरा दिवसांनी नक्कल मिळाली. तिथंच बाकड्यावर बसून उघडली. सरकारनं कागद जपलाय, कोपराबी दुमडला न्हाई. तिचा अंगठा होता तिथं झेरॉक्समध्ये नुसता काळा डाग आलाय, रेघ एक दिसत न्हाई. त्याच्या खाली साक्षीदार म्हणून माझी सही. सहीचं अक्षर न् अक्षर वाचता येतं.