दुपारची पाळी

गाडीत बसण्याआधी भाऊ चपला काढायचे आणि सीटच्या मागे जोडीनं नीट लावून ठेवायचे. मग अनवाणी पायानं क्लच दाबायचा, दोन वेळा सोडून बघायचा आणि गाडी सुरू. मी नवा होतो तेव्हा विचारलं, तर म्हणाले, "गाडी पायाले समजली पाह्यजे ना साहेब. चपलेले काय समजते?"

आमचं आरोग्य केंद्र घाटंजी तालुक्यात, डांबर संपून खडी सुरू होते तिथे. मी औषधं देणारा. पाटीवर लांबलचक हुद्दा होता, पण गावासाठी मी कंपाउंडर. भाऊ रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते असते तर म्हणाले असते, "नाव कायले पाह्यजे? गाडीचा नंबर लिवा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खोटं बोलणं त्यांना जमतच नाही, आणि त्यापायी आजूबाजूचे सगळे अडचणीत येतात. एकदा जिल्ह्याहून तपासणीला साहेब आले. त्यांनी सहज विचारलं, "गाडी खासगी कामाला वापरत नाही ना?" भाऊ म्हणाले, "एक डाव डॉक्टर साहेबाच्या घरचं सिलिंडर आणलं जी." डॉक्टर शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा बघून मला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

पेशंटशीही तोच प्रकार. कळा देणारी बाई मागे झोपलेली असायची आणि हे पुढून सांगत जायचे, "ताई, आता खड्डा येऊन राह्यला. मोठा हाये. दांडा धरा." खड्डा आला की म्हणायचे, "गेला. आता पुलापर्यंत सपाट हाये." नातेवाइकांनी विचारलं, वाचेल का हो, तर, "मले नाई मालूम. मी गाडी चालवतो." धीर द्यायची ही काही पद्धत नव्हे, असं मी त्यांना सांगून पाहिलं. पण बाया म्हणायच्या, आम्हाला याच ड्रायव्हरची गाडी द्या. मी सांगणं सोडलं.

वर्षातला एक दिवस मात्र भाऊ कुठल्याच गाडीत बसत नसत. आश्विनात त्यांच्या महाराजांचा जन्मदिवस येई. हे महाराज म्हणजे फार मोठं प्रस्थ नव्हे. जुन्या काळी नदीकाठी राहिले, सकाळी पोरांना अक्षरं शिकवली, संध्याकाळी मोठ्यांना नाम. भाऊंचे वडील त्यांच्याच ओसरीवर पाटीवर बोट फिरवून लिहायला शिकले. महाराज गेले, ओसरीचा मठ झाला. जन्मदिवशी आमच्या गावाहून मठापर्यंत बावीस किलोमीटरची पायी दिंडी निघे. दिवेलागणीला मठात पाळणा हलवायचा, सुंठवडा वाटायचा आणि परतायचं.

दिंडीचा नियम एकच, पण कडक. पहाटे मारुतीच्या देवळात वीणा उचलली की पाळण्यापर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही आणि नाम तोडायचं नाही. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या तोंडून 'राम कृष्ण हरी' सोडून दुसरा शब्द निघायचा नाही. गावागावाच्या शिवेवर पाळी बदले. दुपारी तांड्यावर जेवण असायचं. तिथली बंजारा मंडळी ज्वारीच्या भाकरी आणि झणझणीत डाळ घेऊन आधीच वाट बघत असत. पण नाम कसं थांबणार? म्हणून सगळे जेवत असताना वीणेकरी एकटाच नाम घेत सावकाश पुढे निघे आणि बाकीचे तासाभरानं त्याला गाठत. ही दुपारची पाळी उन्हाची, उपाशीपोटी. ती कुणालाच नको असे. ती एकोणीस वर्षं भाऊंची होती.

त्यांना साखरेचा आजार जडला आणि या पाळीत मी आलो. डॉक्टरांनी मला बजावलं, हा माणूस ऐकणार नाही, तुम्ही सोबत चला. मी बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात हे नाम नाही. मी काही म्हणायच्या आधीच भाऊ म्हणाले, "तुमी नाव नका घेऊ साहेब. तुमी पाणी घ्या." त्यानंतर दरवर्षी मी पाणी, ग्लुकोजची पुडी आणि पट्ट्यांची पिशवी घेऊन त्यांच्या डाव्या अंगाला चाले. ते त्यांचं म्हणत, मी माझा चालत असे. इतका निवांत तास मला वर्षात दुसरा मिळत नसे.

निवांत म्हणजे गप्प मात्र नव्हे. भाऊ त्या तीन शब्दांत वाटेल ते बोलत. सूर खाली आला की पाणी द्या. शेवटचा शब्द लांबवला की मागून ट्रक येतोय, कडेला व्हा. घाईघाईत दोनदा म्हटलं की पायात काटा. एकदा रस्त्यात कोणाची तरी म्हैस आडवी उभी होती. तिला त्यांनी इतक्या रागानं 'राम कृष्ण हरी' म्हटलं, की मी हसत खाली बसलो. म्हैसही बाजूला झाली. दोन-तीन वर्षांत मला ही भाषा पाठ झाली.

मी सांगतोय ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडात अळी निघे, पानं लाल पडत. जिनिंगच्या फाटकाला कुलूप दिसू लागलं होतं. दिंडीतली माणसंही कमी झाली होती. कोणी कामाला परमुलखात गेलेलं, कोणाचं मन लागत नव्हतं. हे घडलं त्या वर्षी पराटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारणारा आत शिरला की दिसेनासा होई. औषध वर उडवावं लागे आणि ते त्याच्याच तोंडावर पडे. आमच्या केंद्रात रोज कोणी ना कोणी डोळे चोळत, ओकत येत असे. मी हातमोजे आणि फडकं बांधायला सांगून थकलो होतो. त्या उन्हात फडकं कोण बांधतंय?

तर त्या वर्षीची दुपारची पाळी. तांडा दीड किलोमीटर मागे राहिला होता. रस्त्यालगतच्या पराटीतून एक बाई धावत आली आणि आमच्यासमोर हात पसरून उभी राहिली. ती नुसती आत बोट दाखवत होती. आत धुऱ्यावर, बांधालगत, तिचा नवरा पडला होता, पाठीवरचा पंप तसाच. घामानं निथळलेला, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. मी पंप सोडवला, शर्ट फाडला, भाऊंसाठी आणलेलं सगळं पाणी त्याच्या अंगावर ओतलं आणि त्याला कुशीवर वळवलं. एका हातानं केंद्राला फोन लावला. आमची गाडी बाळंतपणाची केस घेऊन घाटंजीला गेलेली. दुसरी मागवली तर तास लागणार.

शेताच्या कडेला पाण्याच्या टाक्या आणणारी पिकअप उभी होती. चावी गाडीतच होती, चालवणारा तांड्यावर जेवायला गेलेला. भाऊंनी पिकअपकडे पाहिलं. मला गाडी येत नव्हती.

नियम विसरून मी ओरडलो, "भाऊ, कोणतं औषध होतं ते विचारा. डबा सोबत घ्यावा लागेल."

भाऊ बाईकडे वळले आणि विचारण्याच्या सुरात म्हणाले, "राम कृष्ण हरी?" बाई नुसती बघत राहिली. त्यांनी पंपाकडे बोट दाखवलं आणि पुन्हा म्हणाले, जोरात. तिला वाटलं, नवऱ्याचं संपलं आणि हा बुवा शेवटचं नाव घेतोय. तिनं हात जोडले आणि रडत रडत तीही म्हणाली, "राम कृष्ण हरी."

ते ऐकून भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. वीणा त्यांच्या छातीवर होती आणि नाम ओठांवर. मी दोन हातांच्या अंतरावर होतो. मला एक खूण केली असती, तर त्या वेळी मी वीणा घेऊन काहीही म्हटलं असतं. त्यांनी खूण केली नाही. नजर काढून घेतली आणि बाईला म्हणाले, "बाई, तो जित्ता हाये. औषधाचा डबा कोठी हाये? आन लवकर."

वीणा त्यांनी बाभळीच्या फांदीला अडकवली. मग आम्ही तिघांनी त्याला उचलून पिकअपमध्ये घातलं.

यवतमाळपर्यंत भाऊ एक क्षण गप्प बसले नाहीत. मागची काच उघडी होती. "दादा, झोपू नोको. किती लेकरं हायेत तुले? पाह्य, आता खड्डा येते. बाई, त्याले धर. गेला खड्डा. बोल ना बावा, पेरलं काय यंदा?" मागून आधी नुसतं कण्हणं येई. घाटाच्या वर आल्यावर अस्पष्ट ऐकू आलं, "तूर." भाऊ म्हणाले, "तूर बेस हाये," आणि गाडी अजून दामटली.

मोठ्या दवाखान्यात त्याला आत घेतलं. डबा डॉक्टरच्या हातात दिला. तो माणूस वाचला, आठ दिवसांनी घरी गेला. पण हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. भाऊ अनवाणी, धोतर औषधाच्या वासानं भरलेलं. ते आपल्या हातांकडे बघत होते.

"तुटलं साहेब," ते म्हणाले.

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही माझ्याकडे पाहिलं होतं. मला का नाही दिलं? मी म्हटलं असतं."

"तुमच्या घरी चालत नाई ना ते."

"एक तास चाललं असतं."

"तुमचं मोडून माह्यं जोडाचं? कायले?" ते सहज म्हणाले, पाणी मागावं तसे. मला रडू आलं. औषधांची चिठ्ठी वाचायचं निमित्त करून मी उठलो.

तिकडे दिंडी जेवून निघाली, तर पुढे वीणा झाडाला आणि माणूस गायब. एक म्हातारी म्हणाली, महाराजांनी त्याला उचलून नेलं. कोणीतरी वीणा काढून गळ्यात घातली, नाम सुरू केलं आणि सगळे मठात पोचले. पिकअप तिच्या मालकाच्या हवाली करून आम्ही एसटीनं फाट्यावर उतरून चालत गेलो, तेव्हा दिवे लागत होते आणि पाळण्याला फुलं बांधून झाली होती. काय घडलं ते कळल्यावर चार जाणत्यांनी भाऊंना बाजूला घेतलं. "भाऊ, कोनाले सांगू नोका. झाडाले वीणा होती, झाडानं नाव घेतलं असं समजा."

भाऊंनी ऐकून घेतलं आणि सरळ माइकपाशी गेले. "राम राम मंडळी. यंदा नाव तुटलं. माह्या हातून तुटलं. तांड्याच्या पुढच्या वावरापाशी." एवढं बोलून ते खाली बसले. मग बायांनी पाळणा म्हटला, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

पुढे बोलणी खावी लागलीच. त्या हंगामात बोंडं किडली तेव्हा एक-दोघे पारावर म्हणाले, नाम तुटलं त्याचं हे फळ. मी भांडायला निघालो, तर भाऊंनी हात धरला. पुढच्या वर्षी समितीनं दुपारची पाळी दुसऱ्याला दिली. भाऊंनी तक्रार केली नाही. दिंडीच्या अगदी शेवटी, शेवटच्या झेंड्याच्याही मागे, ते नाम घेत चालले. पण मला ठाऊक आहे, त्या दिवशी गळ्यात वीणा नाही म्हणून त्यांचा हात सारखा छातीशी जात होता.

त्या वावरापाशी आलो आणि भाऊ गप्प झाले. पावलं चालू, तोंड बंद. वावर संपलं तसं पुन्हा म्हणू लागले. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "इथी तुटलं होतं. आता वरून शिवून कायले दाखवाचं?"

त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्या सोबतीनं चार बाया गप्प झाल्या. नंतर अर्धी दिंडी. कोणी ठरवलं नव्हतं. ज्याला दुपारची पाळी मिळाली होती, तोही एके वर्षी वावर येताच थांबला आणि त्यानं वीणेच्या तारेवर हात ठेवला, हे त्यानंच मठात सांगितलं. त्या दिवशी भाऊ मठात दोनदा सुंठवडा खाताना दिसले. मी साखरेची आठवण केली नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी ते गेले. आधी पाय गेला, मग मूत्रपिंडं. शेवटचं त्यांना यवतमाळला नेलं, तेव्हा गाडी नवा ड्रायव्हर चालवत होता. भाऊ मागे पडून त्याला सांगत होते, "डावीकडून घे बावा, उजवीकडे खचलं हाये."

यंदा मी त्या वावरापाशी जाऊन उभा राहिलो. मीही निवृत्त झालोय, वेळ भरपूर आहे. दिंडी आता मोठी झाली आहे. पुढे टेम्पोवर भोंगे, पोरींना एकसारख्या साड्या, आणि दुपारच्या पाळीतही वीणेकऱ्यासोबत माणसं आहेत. वावर आलं आणि टेम्पोवाल्यानं भोंगा बंद केला. दोनशे माणसं एक शब्द न बोलता चालू लागली. पराटीतून पाखरं उडाल्याचं ऐकू येत होतं.

मी शेजारच्या पोरीला विचारायला तोंड उघडलं, तर तिनं खूण करून थांबवलं आणि हळूच म्हणाली, "काका, इथी बोलत नाईत. इथी महाराजांनी मौन धरलं होतं."

महाराज गेले तेव्हा हा रस्ताही झाला नव्हता. पण नियम तो नियम. वावर संपेपर्यंत मी गप्प चाललो. मग तिला म्हणालो, "बाई, इथे कोणी मौन धरलं नव्हतं. इथे आमच्या दवाखान्याचे ड्रायव्हर बोलले होते."

तेवढ्यात भोंगा पुन्हा सुरू झाला. तिनं कानाला हात लावून विचारलं, काय म्हणता? मी परत सांगितलं. तिला ऐकू गेलं नाही. ती हसली, मान हलवली आणि दिंडीबरोबर पुढे गेली. म्हणून इथे लिहून ठेवतोय.