सासऱ्यांची कात्री

नव्या कपड्यांवर आमच्या सासऱ्यांइतका डूख धरणारा माणूस सबंध खेड तालुक्यात नसेल. शर्ट घरात आला की ते आधी कात्री मागतात. कॉलर, शिवण, खिशाचा कोपरा, सगळं उसवून टॅग शोधतात. म्हणजे ती नखाएवढी चिप, जवळच्या यंत्राला आपण आल्याचं गुपचूप कळवणारी. सापडली तर तिचे तुकडे होतात, नाही सापडली तर शर्टाचे. दिवाळीला मी नेलेला शर्ट त्यांनी भात उकडायच्या तपेल्यात शिजवला. तो माझ्या मुलाच्या मापाचा होऊन बाहेर आला. "पण ती मेली असंल," ते समाधानाने म्हणाले. एकदा माझ्या गाडीत बसल्याबसल्या त्यांनी काचेवरच्या फास्टॅगला चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद चिकटवला. टोलनाक्यावर फाटक उघडेना, मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, तर म्हणतात, "आपण कुठं चाललाव ते ह्यांना कशाला पायजे?" मला हसू आवरेना.

पुढे लोट्याची औद्योगिक वसाहत आली. तिथल्याच एका कारखान्यात त्यांची नोकरी झाली. कारखान्याच्या फाटकाकडे न बघता ते बोलू लागले. नोकरीच्या शेवटी शेवटी कंपनीने युनिफॉर्ममध्ये टॅग शिवले आणि ते टिपणारी यंत्रं जागोजागी लावली, सुरक्षेसाठी म्हणून. त्याच सुमारास त्यांची आई गेली. घरात तेराव्यापर्यंत माणसांची वर्दळ, थोरल्या मुलाला रडायला सवड कुठली? कामावर परतल्यावर ते बॉयलरमागच्या काजूच्या झाडाखाली जाऊन एकटेच बसले. दुसऱ्या दिवशी साहेबाने स्क्रीनवरचा ठिपका दाखवून विचारलं, "इथे एवढा वेळ काय करत होतात?"

"काय सांगू त्याला? पोट बिघडलंय म्हटलं. आईसाठी रडलो, तर खोटं बोलाया लावलं मेल्यांनी."

ऐकून माझं डोकं तडकलं, अजून तडकतं. माणसाच्या रडण्याचा जाब विचारायचा हक्क यांना कुणी दिला? आणि आता तीच चीज शर्टातून, बुटांतून आपल्या घरात शिरते, आपल्याला न विचारता, आणि आपण वर तिचे पैसे मोजतो.

परवा त्यांच्या आईचं श्राद्ध होतं. जेवणं उरकली आणि सासरे दिसेनात. मला खिडकीतून दिसले. परसातल्या काजूखाली पाठमोरे बसले होते, अंगात कॉलर उसवलेला शर्ट. मुंबईहून आलेल्या मेहुण्याने फोन काढला. "लोकेशन बघतो. बाबांच्या फोनात मी चालू करून ठेवलंय, त्यांना माहीत नाय."

मी खिडकी लोटून घेतली.

"बंद कर ते," मी म्हटलं. "येतील जरा वेळाने."