काबरीचा नवस

गुजरातेतल्या डिंडोलीच्या त्या खान्देशी गल्लीत कुणाला मोटारसायकलचं वेड, कुणाला कबुतरांचं. शोभाबाईंना काबरीचं. काबरी म्हणजे त्यांची कोंबडी. अंगभर काळे-पांढरे ठिपके, एक पाय किंचित फेंगडा आणि स्वभाव धाकट्या जावेसारखा, म्हणजे एक ऐकून घ्यायचं नाही. घरामागे चार हात रुंद मोकळी जागा होती. गल्लीतले सगळे तिला गुजराती ढंगाने ‘वाडो’ म्हणत. त्या वाड्यात एक शेवग्याचं झाड, एक पाण्याचं पिंप, एक बाज आणि काबरी, एवढाच संसार.

दुपारी साड्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन शोभाबाई तिथे सुटे धागे कापायला बसत. हात चाले तसं तोंडही चाले. पण ऐकणार कोण? मुलगा वैभव बारडोलीला नोकरीला लागला आणि बायकोला घेऊन तिकडेच राहिला. घरात उरले शोभाबाईंचे यजमान चिंधाआप्पा, दुपारभर वाड्यातल्या बाजेवर बसून असणारे. पस्तीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात काढलेला माणूस. मशीनच्या खडखडाटाने कान गेले ते गेलेच. त्यांना काही सांगायचं तर शेजारच्या तीन घरांना कळेल असं ओरडावं लागे. मग माणूस कामापुरतंच ओरडतो. जेवण झालं, पाणी आलं, गॅस संपला. मनातलं कधी ओरडून सांगता येतं का?

ते सगळं काबरीच्या वाट्याला येई. तेही हळू आवाजात, कधी कधी तर आवाज न काढता, नुसतं ओठांतल्या ओठांत. “सांग बरं, मनं काय चुकनं?” शोभाबाई विचारत. काबरी मान तिरकी करून ‘कॉक्’ म्हणे. उत्तर काहीही असो, ते वेळेवर येई. आणि खरं सांगायचं तर त्या घरात शोभाबाईंना उत्तर देणारी तेवढी ती एकटीच होती.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी उत्तर आलं नाही. काबरी शेवग्याखाली पिसं फुगवून, मान अंगात ओढून बसली होती. डोळे मिटलेले, चोच अर्धी उघडी. श्वास घेतला की गळ्यात घरघर वाजे.

शेजारची सुषमा भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, “काकू, मरानी वाट कशाले दखतस? मसाला वाटी टाका.” शोभाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती डोकं खाली घेऊन गेली ती दोन दिवस भिंतीवर दिसली नाही.

काबरीला कापडी पिशवीत घालून, मुंडकं तेवढं बाहेर ठेवून, शोभाबाई शेअर रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात पोचल्या. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलणं ठाम. “बा, पांच दिवस, सवार-सांज,” त्या गुजरातीत म्हणाल्या, औषधाची बाटली दिली आणि सकाळ-संध्याकाळ ते कसं पाजायचं ते करून दाखवलं. डोकं मागे करून ओतायचं नाही, नाहीतर औषध श्वासात जातं. चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडायचा, तिने गिळला की पुढचा. पाच दिवस म्हणजे पाच दिवस, मध्ये बंद करायचं नाही.

पहिल्या दिवशी निम्मं औषध शोभाबाईंच्या पदरानेच प्यायलं. दुसऱ्या दिवशी काबरीने डोळेच उघडले नाहीत. दुपारी शोभाबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या. दोरीवर वाळत घातलेल्या गुलाबी साडीतून ऊन गाळून येत होतं, भिंत गुलाबी, हात गुलाबी, काबरीची चोचसुद्धा. लांबून लूमची घरघर येत होती, मांडीवर काबरीची. कुठली कुठून येते ते हळूहळू कळेनासं झालं. शेवग्याची पांढरी फुलं एकेक करून खाली येत होती, अगदी सावकाश, जणू त्यांना कुठे पोचायचंच नव्हतं. शोभाबाईंच्या पापण्या जड झाल्या.

आणि त्या शिंदखेड्याकडच्या आपल्या गावी होत्या. सात वर्षांच्या, तापाने फणफणलेल्या, आईच्या मांडीवर. आई चमच्याने काढा पाजत होती. अंगणातलं ऊनही गुलाबीच होतं. आईचा हात कपाळावर होता आणि आई म्हणत होती, “मरीमाय, बरी व्हऊ दे, तुले घरनी कोंबडी देसू.” किती बरं वाटलं! चाळीस वर्षांत असं कुणी त्यांच्यासाठी काही मागितलं नव्हतं.

जाग आली तेव्हा तेच शब्द त्यांच्या ओठांवर होते. आवाज नव्हता, ओठ हलत होते. मरीमाय, बरी व्हऊ दे, तुले घरनी कोंबडी देसू.

मग त्यांना शुद्ध आली. बाई गं! कोंबडी बरी व्हावी म्हणून कोंबडीचा नवस!

पण जिभेला वळणच तसं पडलेलं. वैभवच्या टायफॉइडला कोंबडी, आप्पांचं बोट मशीनमध्ये आलं तेव्हा कोंबडी, काविळीला कोंबडी. संकट आलं की तोंडातून तेच निघणार. आणि नवस काही बाजारातली भाजी नाही, परत करायला. विकत आणून दुसरी द्यावी म्हणावं, तर मरीमायला घरीच वाढवलेली लागते, आणि घरची म्हणाल तर ही एकच.

म्हणजे काबरी मेली तरी गेली आणि जगली तरी गेली. हे कुणाला सांगावं? ज्या एकीला सांगायचं, तिलाच कसं सांगणार?

तिसऱ्या दिवशी काबरीने डोळे उघडले, दोन दाणे टिपले. घरघर ऐकू येईना. संध्याकाळी शोभाबाई औषधाची बाटली हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि तशीच फळीवर ठेवून आल्या. बरी तर झाली, आता कशाला, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. पुरती बरी झाली की नवस फेडायचा. अर्धवट बरी राहिली तर तेवढेच चार दिवस. स्वतःच्या या विचाराची त्यांना लाजही वाटली.

समोर बाजेवर बसलेले आप्पा उठले. काबरीजवळ उकिडवे बसले आणि तिच्या गळ्यावर दोन बोटं टेकवून डोळे मिटले. खात्यात असताना ते असाच ताण्याच्या उभ्या धाग्यांवर हात ठेवत. कुठला धागा तुटायला आलाय, ते बोटांना आधी कळायचं.

“अजून शे घरघर,” ते म्हणाले. “बारीक शे, पन शे. औषध दे.”

बहिरी माणसं बोलतात तसं ते मोठ्यानेच बोलले. शोभाबाईंनी फळीवरून बाटली आणली. पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ त्या थेंब सोडत आणि आप्पा बोटं टेकवत. पाचव्या दिवशी आप्पांनी मान हलवली. “गई.” काबरी हातातून सुटली, पिंपाभोवती धावली आणि भरगच्च आवाजात म्हणाली, ‘कॉक्’.

शोभाबाई रडायलाच लागल्या.

“रडस कशाले?” आप्पा म्हणाले. “आपला गावले कोंबडी सोडतस बी. मना आजानी सोडेल व्हती, जित्ती. काबरीले आईना नावनी सोडी दे. आजपाईन ती मरीमायनी. तिले कोनी कापाव नही, राही आपलाच वाडामा.”

शोभाबाईंच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. डोळे पुसता पुसता त्यांचा हात थांबला. नवसाचं त्या कुणालाच बोलल्या नव्हत्या. खुद्द देवीलाही आवाज काढून सांगितलं नव्हतं.

“तुमले कोनी सांगं?”

आप्पांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. “खातामा दोनशे मशीन चालतस. तठे कान काय कामना? ओठ दखीसनच समजस.”

शोभाबाईंनी बाजेकडे पाहिलं. बाज समोर, त्या इथे, मध्ये काबरी. इतक्या वर्षांच्या इतक्या दुपारी.

“मंग कधी बोलनात का नही?” त्यांनी विचारलं.

“तू माले कोठे सांगत व्हती? तिले सांगत व्हती. दोन बाया बोली ऱ्हायन्यात, मधमा मी कसा पडू?” आप्पा म्हणाले. “बाकीनं जाऊ दे. पन तू म्हनस ना, मी मरी गऊ तरी या मानूसले समजाव नही...” भिंतीपलीकडे सुषमाचं भांडं घासणं थांबलं, इतक्या मोठ्याने ते बोलत होते. “समजी माले.”

शोभाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. नवी नवरी घेते तसा, पार नाकापर्यंत. आता ओठ दिसेनात, त्यामुळे त्या काही म्हणताहेत की नाही ते आप्पांना कळेना. ते पुन्हा बाजेवर जाऊन बसले नाहीत. पदर खाली यायची वाट बघत तिथेच बसून राहिले.